मदत हवी आहे: डॉक्टर व्हिडिओवर आले म्हणून सिस्टर कमी करायची का?

नमस्कार मंडळी,

इंदूरला रामबागेजवळ आमच्या ट्रस्टचा छोटा दवाखाना आहे. संध्याकाळी बसणाऱ्या डॉक्टरांना वयामुळे आता रोज जमत नाही, म्हणून पुण्याच्या एक फिजिशियन बाई व्हिडिओवर पेशंट बघतात. कायद्याची आडकाठी नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही पेशंटला असं बघू शकतात. गंभीर वाटलं तर आम्ही सरळ एम.वाय.ला (इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला) धाडतो.

घोडं अडलंय वेगळ्याच ठिकाणी. कमिटी म्हणते, डॉक्टर फोनवर आहेत तर दोन सिस्टर कशाला? मी तिथे बसून बघतो ना! बीपी-शुगर घ्यायची, जुन्या परच्यांचे फोटो पाठवायचे, मोबाइल ड्रेसिंगच्या ट्रेला टेकवून आजोबांचा चेहरा नीट दिसतोय का ते बघायचं. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून बाईंचा प्रत्येक प्रश्न कानाशी ओरडून सांगायचा. पोट दाबून "इथे दुखतं का?" विचारायचं तेही सिस्टरनीच. तोवर इंजेक्शनवाले नि पट्टीवाले बाहेर ताटकळलेले. अल्प्राझोलमसारखी झोपेची गोळी व्हिडिओवर लिहून देता येत नाही, हे समजावण्यात आणखी वेळ जातो, आणि शिव्या सिस्टरच खातात.

सरकारच्या ई-संजीवनी या व्हिडिओ-तपासणी सेवेत आयुष्मान आरोग्य मंदिरातले (म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातले) सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर, पेशंटजवळ बसतात आणि दुसऱ्या टोकाला हबमधले, म्हणजे मोठ्या केंद्रातले डॉक्टर असतात. म्हणजे पेशंटजवळचा माणूस तिथे हिशेबात धरलेला आहे. आमच्याकडे हे सगळं 'जाता जाता' उरकायचं. (एक काका तर म्हणाले, नेहमीच्या गोळ्या सिस्टरच लिहून देतील! नाही हो काका, ते डॉक्टरांचंच काम.)

असा दवाखाना चालवणाऱ्यांनी सांगावं: एक सिस्टर तासाला असे किती पेशंट नीट सांभाळू शकते? फोटो, नोंदी, फोन जोडणं यासाठी वेगळा मुलगा ठेवलात का? आणि डॉक्टरांना मानधन तासावर देता की पेशंटमागे? पेशंटमागे दिलं तर घाई होईल अशी मला धास्ती आहे.

रविवारी मीटिंग आहे. कोणाकडे वेळेच्या नोंदीचा तक्ता असेल तर नावं झाकून इथे टाका. आमची मंडळी कागद बघितल्याशिवाय ऐकत नाहीत.