पेटी खोलल्यावर निघालेल्या जादा कामाचे पैसे कसे लावता?

तीन वर्षं झाली घरीच हार्मोनियम दुरुस्त करतोय, ट्यूनिंगचा रेट आधीच सांगतो. परवा एका काकूंची डबल सुराची (म्हणजे एकेका पट्टीला दोन सूर, आवाज देणाऱ्या धातूच्या पात्या) पेटी आली, बरीच वर्षं माळ्यावर पडलेली, म्हणाल्या दोनच सूर बिघडलेत बघ. खोलली तर भात्याचं कातडं कडेने सुटलेलं, पट्ट्यांखालचं फेल्ट कसरीने खाल्लेलं आणि चार सूर चिरलेले. दोन दिवस गेले त्यात आणि मागितले मात्र ठरलेलेच, जास्तीचे तोंडातून निघेचनात. तुम्ही तासावर लावता की कामावर?

— तासावर नको दादा, आपला हात हळू चालला तर गिऱ्हाइकाने का भरावं? मी खोलून बघायचे वेगळे घेतो, फोटो व्हॉट्सअ‍ॅप करतो, होकार आला की मगच पुढे. आणि भाता गळत असेल तर ट्यूनिंगला हातच लावत नाही, हवा कमीजास्त झाली की सूर हलतो, मग लावून उपयोग काय. नवीन सुराचे तर नुसते सुराचे पैसे घेऊच नका, तो शेजारच्याशी जुळवायला घासावा लागतो, टोकाला घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो, वेळ सगळा तिथेच जातो.

— मी मुंबईत पियानो ट्यून करतो. पट्ट्या ८८ पण तारा दोनशेच्या वर. कित्येक वर्षं हात लागला नसेल तर सगळा पियानोच ४४० हर्ट्झच्या, म्हणजे मधल्या ‘ए’ सुराच्या ठरलेल्या मापाच्या, खाली उतरलेला असतो, आधी ढोबळ चढवायचा आणि मग परत पहिल्यापासून बारीक लावायचा, कारण पुढच्या तारा ताणल्या की आधी लावलेल्या उतरतात. म्हणून फोनवरच विचारतो शेवटचं ट्यूनिंग कधी झालं, आणि दोन फेऱ्यांचे पैसे तिथेच सांगतो. गंजलेली तार तुटू शकते हेही आधीच सांगायचं. पावसात अडकलेली एखादी पट्टी मोकळी करायचे मात्र घेत नाही, दहा मिनिटांचं काम.

— मी गाण्याचे क्लास घेते. जादा पैशांचं वाईट वाटत नाही हो, न विचारता केलं की वाटतं. आमच्या आजोबांच्या पेटीतले जुने जर्मन सूर एकाने न सांगता बदलले, वर बिल लावलं, आणि काढलेले सूर परत मागितले तर म्हणाला टाकून दिले. तो आवाज गेलाच. निदान काढलेलं सामान तरी पेटीसोबत परत द्या.

— ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकूंचे ते चार सूर अजून माझ्या डब्यात पडलेत, उद्याच नेऊन देतो. आणि इथून पुढे आधी फोटो, मग काम.