रेयूनियों: सात रात्रींत ज्वालामुखी, माफात आणि सिलाओस बसेल का?

नकाशावेडा

ऑगस्टमध्ये हिंद महासागरातल्या रेयूनियों या फ्रेंच बेटावर सात रात्री आहेत. आम्ही दोघं, डोंगर चढायची दोघांनाही सवय. सातही रात्री पश्चिमेला सें-जिलच्या किनाऱ्यावर एकच खोली घ्यायची आणि रोज गाडीने बाहेर पडायचं असा बेत आहे. यादीत पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी, माफात आणि सिलाओस या कड्यांनी वेढलेल्या डोंगरी दऱ्या, व्हॅनिला, तमिळ देवळं आणि थोडं पोहणं आहे. एवढं जमेल का? आणि ज्वालामुखी नेमका तेव्हाच जागा झाला तर काय करायचं?

ढगवाट

महिना उत्तम निवडलाय: कोरडा, थंड, वादळांच्या मोसमापासून लांब. एका खोलीचा बेत मात्र मोडा. अंतर हा प्रश्नच नाही, घोळ ढगांचा आहे. सकाळी कडे स्वच्छ दिसतात. नऊ-दहाच्या सुमारास किनाऱ्याकडून ढग वर चढतात आणि मग माईदोसारख्या 2200 मीटरवरच्या कड्यावर उभं राहूनही समोर नुसता पांढरा पडदा. सें-जिलहून गाडीने ज्वालामुखीच्या कड्यापर्यंत पोहोचायला दोन तास लागतात, म्हणजे रोज पहाटे चारला उठणं आलं. तीन दिवसांत कंटाळाल.

बेटाला एक फेरी मारा. विमानतळावरून पूर्वेकडे निघा: सें-आंद्रेची देवळं, व्हॅनिला, आणि पहिली रात्र सालाझी या दरीतल्या एल-बूर गावात. दुसऱ्या दिवशी माफात, रात्र तिथेच. मग ज्वालामुखीच्या वाटेवरच्या बूर-म्युरा गावात दोन रात्री, सिलाओसला एक, आणि शेवटच्या दोन किनाऱ्यावर. बूर-म्युराच्या दोन रात्री कमी करू नका. पहिल्या सकाळी धुकं आलं तर दुसरी हाताशी राहते.

माफातमध्ये गाडीरस्ता नाही. पायी जायचं, नाहीतर हेलिकॉप्टरने. कोल दे बफ या खिंडीतून ला नूवेल या वस्तीत उतरणारी वाट सगळ्यांत सोपी, उतरायला साधारण दोन तास. वाटेत तामारां या बाभळीच्या जातीतल्या झाडांचं रान लागतं, ते छान आहे. परतताना मात्र जवळपास 500 मीटर चढ आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघा. मुक्काम आणि रात्रीचं जेवण आधी आरक्षित हवं. आयत्या वेळी पोहोचलात तर ताट मिळेलच असं नाही, कारण सामान हेलिकॉप्टरने येतं आणि मोजून रांधलं जातं. एटीएम नाही, रोख युरो जवळ ठेवा.

सिलाओसच्या रस्त्याला चारशेहून जास्त वळणं आहेत आणि काही बोगदे एकाच गाडीपुरते. गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं. जोरदार पाऊस झाला की दरड पडून हा रस्ता बंद होतो, म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री तिथे थांबू नका.

काळादगड

ज्वालामुखीबद्दल. बूर-म्युरा सोडलं की जंगलातला रस्ता प्लेन दे साब्लमध्ये उतरतो. हे तांबूस-काळ्या खडीचं उघडं पठार आहे आणि पुढचा तुकडा खड्ड्यांचा, तिथे सावकाश चालवा. रस्ता संपतो ते पा द बेलकोंब, उंची 2311 मीटर. तिथून कड्याच्या पोटातून पाचशेहून जास्त पायऱ्या उतरून तुम्ही आँक्लोत येता, म्हणजे ज्वालामुखीच्या खचलेल्या अंगणात. पायथ्याशीच फोर्मिका लेओ हा लहानसा लालसर शंकू आहे. पुढे दोलोमिय विवराच्या कडेपर्यंत जाऊन यायला पाच-सहा तास धरा. हे विवर एप्रिल 2007 मध्ये काही दिवसांत तीनशे मीटरहून जास्त खाली बसलं. कडा अजून ठिसूळ आहे, म्हणून पाहण्यासाठी आखलेल्या जागीच थांबायचं, फोटोसाठी पुढे सरकायचं नाही.

चुकतं ते बहुधा धुक्यात. वाट म्हणजे खडकावर मारलेले पांढऱ्या रंगाचे ठिपके, बाकी सगळीकडे सारखाच काळा दगड. पुढचा ठिपका दिसल्याशिवाय मागचा सोडू नका. दिसतच नसेल तर तिथेच थांबा. वाटेत पाणी नाही, सावली नाही. माणशी दोन-तीन लिटर पाणी, टोपी, वाऱ्याचं जाकीट, घट्ट तळव्याचे बूट. पडलात तर हा दगड काचेसारखा कापतो.

आता जागा झाला तर. ज्वालामुखीखालचे भूकंप वाढले की वेधशाळा कळवते आणि प्रशासन आँक्लो बंद करतं. भेग आँक्लोत कुठेही फुटू शकते, म्हणून बंदी सगळ्याच वाटांवर असते. अशा वेळी फाटक ओलांडणारे महाभाग असतात, त्यांच्या मागे जाऊ नका. लाव्हा दक्षिण उतारावर असेल आणि वाट खुली असेल तर कड्याच्या वरून पितों द बेर या माथ्याकडे चालत जा. संध्याकाळी जाणार असाल तर डोक्याला लावायची बॅटरी दोघांकडे वेगवेगळी हवी.

उद्रेक नसला तरी आग्नेय किनाऱ्यावरचा ग्राँ ब्र्युलेचा रस्ता चुकवू नका. लाव्हा समुद्रात उतरतो तो इथे. एकेका प्रवाहाशेजारी साल लिहिलेलं असतं, त्यामुळे दगडावर आधी शेवाळं, मग नेचे आणि मग झाडं कशी येतात ते चालत्या गाडीतूनही कळतं. थोडं उत्तरेला पितों सेंत-रोझला 1977 च्या लाव्ह्याने वेढलेलं चर्च आहे. प्रवाह दारापर्यंत येऊन दोन्ही बाजूंनी वळला.

शेंग

व्हॅनिलाचं फूल ऑगस्टमध्ये दिसेल अशी आशा धरू नका, बहर सप्टेंबरनंतर. शेंगांवरचं काम मात्र बघायला मिळतं: साधारण 65 अंशांच्या पाण्यात तीनेक मिनिटं बुडवणं, गरम असतानाच घोंगडीत गुंडाळणं, मग ऊन, मग पेटीत काही महिने. हाताने परागीभवन करायची रीत 1841 मध्ये इथेच एदमों आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली. काडीने फुलातला पडदा उचलायचा आणि अंगठ्याने पराग दाबायचे. फूल एकच सकाळ उघडं राहतं, त्यामुळे बहरात रोज वेलींतून फिरावं लागतं. बागेत कोणी दाखवत असेल तर त्यांच्या अंगठ्याकडे बघा.

देवळात चामड्याचं काही नेऊ नका, फोटोआधी विचारा, दार बंद असेल तर बाहेरूनच पाहा. एखाद्या संध्याकाळी मालोया, म्हणजे इथलं पारंपरिक संगीत, ऐकायला मिळालं तर थांबा. त्यातलं कायांब हे वाद्य म्हणजे उसाच्या तुऱ्यांच्या दांड्यांची चपटी पेटी, आत बिया. ती दोन्ही हातांत धरून हलवतात.

नकाशावेडा

फेरीचा बेत पटला, खोली रद्द करतो. पोहण्याचं राहिलं.

ढगवाट

शार्कमुळे 2013 पासून पोहण्यावर निर्बंध आहेत. प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, म्हणजे एर्मिताज किंवा ला सालीनला, किंवा जीवरक्षकांच्या पहाऱ्याच्या जागीच उतरा. कड्याला जिथे फट आहे तिथे पाणी बाहेर ओढतं, तिकडे जाऊ नका. पायात रबरी बूट घाला, तळाशी समुद्री साळू असतात.

आणि व्हिसा आधी तपासा. बेट फ्रान्सचं असलं तरी शेंगेन, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या, क्षेत्रात नाही. तुमच्या व्हिसावर ते धरलंय का, हे तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून लेखी घ्या.