सोनोग्राफीच्या तीन अहवालांत तीन तारखा : बाळंतपणाची कोणती धरावी?

पहिलटकरीण, जुळे सोलापूर

नमस्कार. माझे हे पहिलेच गरोदरपण आहे आणि ऑगस्ट संपत आला तरी बाळंतपणाची तारीख नेमकी कोणती धरायची, याचा उलगडा मला झालेला नाही. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस मला पक्का आठवतो, कारण ती यंदाची, 2025 ची संक्रांत होती, 14 जानेवारी. घरातील सर्वजण गड्ड्याच्या यात्रेला गेले होते आणि मी एकटी घरी थांबले होते. माझी पाळी पहिल्यापासून 35 दिवसांनी, पण नियमित येते. मोबाइलमधील ॲपने या तारखेवरून 21 ऑक्टोबर सांगितली. 15 मार्चच्या पहिल्या सोनोग्राफीत 7 आठवडे 4 दिवस आणि 28 ऑक्टोबर असे लिहून आले, 12 जूनच्या सोनोग्राफीत 25 ऑक्टोबर, आणि 19 ऑगस्टच्या अहवालात तर 31 आठवडे 2 दिवस व 19 ऑक्टोबर. सासूबाई नऊ महिने नऊ दिवस मोजतात. त्यांच्या हिशेबाने भाऊबीज, म्हणजे 23 ऑक्टोबर येते.

तारीख हवी आहे ती केवळ कुतूहलापोटी नाही. 21 ला लक्ष्मीपूजन आहे, त्या आठवड्यात किती डॉक्टर गावात असतील याची धास्ती आहे, आणि म्हणून घरातील एका वडीलधाऱ्यांनी 16 ऑक्टोबरचा चांगला मुहूर्त पाहून सिझेरियन करून घ्यावे असे सुचवले आहे. माहेर अक्कलकोटचे आहे, तेथे कधी जावे हेही यावरच ठरेल. दवाखान्यात विचारले तेव्हा "थोडे मागेपुढे होतेच" एवढेच उत्तर मिळाले. ते खरे असेलही, पण नऊ दिवसांचे मागेपुढे मला थोडे वाटत नाही.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर

ताई, तुमची तारीख 28 ऑक्टोबर आहे आणि ती आता बदलायची नाही. कारणे जरा सविस्तर सांगते.

पाळीवरून तारीख काढण्याची प्रचलित रीत जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (1778–1851) यांच्या नावाने ओळखली जाते : शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे जायचे. 14 जानेवारीवरून 21 ऑक्टोबर येते ती अशी, आणि त्यात बरोबर 280 दिवस भरतात. मात्र या 280 पैकी पहिले चौदा दिवस गर्भ राहिलेलाच नसतो. पाळी 28 दिवसांची आहे आणि स्त्रीबीज चौदाव्या दिवशी सुटते असे त्यात गृहीत धरलेले आहे. पाळी लांबते तेव्हा बहुधा बीज सुटण्याआधीचा काळ लांबतो, नंतरचे दोन आठवडे फारसे हलत नाहीत. तुमची पाळी 35 दिवसांची असल्याने बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटले असणार, म्हणून 21 मध्ये आणखी सात मिळवायचे. 28 ऑक्टोबर येते. ॲपमध्ये पाळीचे अंतर भरण्याची जागा बहुतेक वेळा असते, आपण ती भरत नाही आणि ते निमूटपणे 28 धरून चालते.

पहिल्या सोनोग्राफीनेही तीच तारीख दिली, आणि ती तुमच्या हिशेबावर अवलंबून नव्हती. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही गर्भाची टाळूपासून माकडहाडापर्यंतची लांबी मोजतो. अहवालात तिला सीआरएल म्हणतात. ग्लासगोच्या ह्यू रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये ही मोजणी वय ठरवण्यासाठी मांडली आणि आजही तिच्याइतकी भरवशाची दुसरी मोजणी नाही, कारण त्या काळात सर्व गर्भ जवळजवळ एकाच गतीने वाढतात; आईबापांची उंची, आईचा आहार, साखर यांचा परिणाम तोवर दिसू लागलेला नसतो. नवव्या आठवड्याच्या आत पाळीची तारीख आणि सोनोग्राफी यांत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक पडला, किंवा त्यानंतर चौदाव्या आठवड्यापर्यंत सात दिवसांपेक्षा जास्त पडला, तर सोनोग्राफीची तारीख धरावी, असा प्रघात आहे. पाळीच्या हिशेबाने 15 मार्चला तुमचे 8 आठवडे 4 दिवस होत होते, सोनोग्राफीत सात दिवस कमी आले. तेथेच तारीख ठरली.

पुढच्या अहवालांत तारीख का बदलते, हा खरा घोळाचा भाग आहे आणि त्यात थोडा दोष आमच्या छापील मजकुराचाही आहे. यंत्र डोके, पोट आणि मांडीचे हाड मोजते, सरासरीच्या कोष्टकाशी ताडून पाहते आणि त्यावरून वय व तारीख छापून मोकळे होते. "31 आठवडे 2 दिवस" याचा अर्थ बाळाचे वय तेवढे आहे असा नसून, बाळ अंगाने सरासरी तेवढ्या वयाच्या बाळाएवढे आहे असा आहे. 19 ऑगस्टला तुमचे खरे वय 30 आठवडे पूर्ण होते. बाळ नऊ दिवसांनी पुढे दिसते; या टप्प्यावर एवढा फरक मोजणीतल्या चुकीतही बसतो. तरीही 24 ते 28 आठवड्यांदरम्यान ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी झाली आहे ना, हे पाहून घ्या, कारण गरोदरपणातील मधुमेहातही बाळ अंगाने मोठे दिसते.

तारीख दर अहवालागणिक सरकवण्याचा धोका उलट बाजूने अधिक आहे. समजा, ठरलेल्या तारखेनुसार एखादीचे 32 आठवडे भरले आहेत आणि बाळ 29 आठवड्यांएवढे दिसते. तेथे "तारीखच चुकली असेल" म्हणून ती तीन आठवडे पुढे ढकलली, तर कागदावर सर्व ठीक दिसते आणि बाळाची वाढ खुंटली आहे, वारेतून पुरवठा कमी पडतो आहे, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. वाढ मोजायची पट्टी स्वतःच हलत राहिली तर मोजणार काय?

16 ऑक्टोबरबद्दल स्पष्ट लिहिते. ताज्या अहवालाच्या तारखेने त्या दिवशी 39 आठवडे 4 दिवस होतात, पण खऱ्या तारखेने फक्त 38 आठवडे 2 दिवस. वैद्यकीय कारण नसेल तर ठरवून केलेले सिझेरियन 39 आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये, कारण त्याआधी जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याचे प्रमाण जास्त असते. तुमचे 39 आठवडे नेमके लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पूर्ण होतात.

निवृत्त गणित शिक्षक

सासूबाईंचा हिशेब हसण्यावारी नेऊ नये. इंग्रजी नऊ महिन्यांचे साधारण 273 ते 276 दिवस होतात. नेगेले त्यात सात मिळवतात आणि आपल्याकडील म्हणण्यात नऊ, म्हणजे फरक दोनच दिवसांचा. मात्र तिथीने मोजल्यास चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा असल्याने नऊ महिने नऊ दिवस 275 दिवसांच्या आतच संपतात. घरोघरी वाद होतात ते बहुधा या दोन पंचांगांमुळे.

विजापूर रोड

माझी पाळी कधीच नियमित नव्हती, शेवटची तारीख आठवत नव्हती, आणि पहिली सोनोग्राफीच 23 व्या आठवड्यात झाली. त्या टप्प्यावर दोन आठवडे इकडेतिकडे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले आणि पुढे दर तीन आठवड्यांनी बाळाची वाढ तपासली. ज्यांना दिवस राहिल्याची नुसती शंका आहे त्यांनी पाळी चुकल्यावर लवकर जावे, एवढेच सांगते.

आरोग्य सेविका, मोहोळ तालुका

डॉक्टरांनी तारखेचे सांगितले, मी दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांचे सांगते. आठवड्यांतच मोजा. आमच्याकडे "आठवा लागला" आणि "आठवा भरला" यांत महिन्याचा घोळ होतो आणि बाई चुकीच्या दिवशी येते. माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि पोटाची उंची प्रत्येक भेटीत लिहून घ्या. साधारण 24 व्या आठवड्यापासून टेपने मोजलेली उंची सेंटिमीटरमध्ये आठवड्यांच्या आकड्याइतकी असते, दोन-तीन इकडेतिकडे. शेवटी बाळ खाली उतरले की ती कमी भरते. त्याने घाबरू नये. खासगीत नाव घातले असले तरी दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, तेथे जायला हरकत नाही.

सर्वांत महत्त्वाचे बाळाचे हलणे. 28 आठवड्यांनंतर रोज एका ठरावीक वेळी, जेवणानंतर, डाव्या कुशीवर पडून मोजावे. दोन तासांत दहा वेळा तरी हालचाल जाणवली पाहिजे. नेहमीपेक्षा कमी वाटली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सणवार न पाहता त्याच वेळी निघावे. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा.

सोनोग्राफी करणारी डॉक्टर

एक राहिले. ठरलेल्या तारखेलाच शंभरातील चार-पाच बाळेच जन्मतात. तुमचे 37 आठवडे 7 ऑक्टोबरला आणि 41 आठवडे 4 नोव्हेंबरला भरतात; या दरम्यान कधीही कळा सुरू होऊ शकतात, तेव्हा पिशवी 7 ऑक्टोबरपूर्वी भरलेली असावी. 4 नोव्हेंबरपर्यंत काहीच झाले नाही तर घरी वाट पाहू नये, कळा आणण्याचा निर्णय तेव्हा डॉक्टर घेतील.

पहिलटकरीण, जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. काल तिन्ही अहवाल आणि हा हिशेब घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिला अहवाल पुन्हा पाहिला आणि फाइलच्या पहिल्या पानावर 28 ऑक्टोबर लिहून खाली रेघ ओढली. साखरेची तपासणी जुलैतच झाली होती आणि ती ठीक आहे. 16 तारखेचा विषय घरात मिटला, भाऊबीजेचा अजून मिटलेला नाही. अक्कलकोटहून येथे यायला 40 किलोमीटर आहेत, म्हणून मी माहेरी न जाता आईलाच दसऱ्यानंतर इकडे बोलावले आहे, आणि दिवाळीच्या चार दिवसांत रात्री कोणते डॉक्टर हजर असतील हे दवाखान्याकडून लिहून घेतले आहे.