अमेरिकेतलं फिरतं नाटक सिनेमाने नाही, गॅलरीला कुलूप लावणाऱ्यांनी मारलं

शेवटची रांग
परवा एका नाटकवेड्या ग्रुपवर नेहमीचं वाक्य वाचलं. अमेरिकेत सिनेमा आला आणि गावोगाव फिरणारं नाटक बसलं, संपला विषय. मला हे अजिबात पटत नाही म्हणून धागा काढतेय.

१८९६ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या कोस्टर अँड बिआल म्युझिक हॉलमध्ये एडिसनच्या नावाने व्हिटास्कोपचा, म्हणजे पडद्यावर हलती चित्रं दाखवणाऱ्या यंत्राचा, पहिला जाहीर खेळ झाला. त्याच वर्षी सहा थिएटरवाल्यांनी एकत्र येऊन सिंडिकेट काढली. फ्रोमन, हेमन, क्लॉ, अर्लँगर, निक्सन, झिमरमन. आता नाटक धंद्यातल्या कोणालाही विचारा, खरी सत्ता कोणाच्या हातात असते? तारखा वाटणाऱ्याच्या! यांनी देशभरातल्या शेकडो थिएटरांच्या तारखा मुठीत घेतल्या. आमच्या अटी मान्य नसतील तर तुमच्या कंपनीला गावात थिएटर मिळणार नाही, बसा. मिसेस फिस्क ही नावाजलेली नटी ऐकेना, तर तिला मिळेल त्या हॉलमध्ये, अगदी स्केटिंग रिंकवर सुद्धा खेळ लावावे लागले. सारा बर्नहार्टसारखी जगप्रसिद्ध फ्रेंच नटी, तिने १९०६ ला टेक्ससमध्ये तंबू ठोकून प्रयोग केले. आणि सिंडिकेटने ही पकड बसवली तेव्हा सिनेमा कुठे होता? व्होडविलच्या, म्हणजे गाणी-नाच-नकलांच्या मिश्र कार्यक्रमात एक आयटम म्हणून दाखवत होते.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ३० डिसेंबर १९०३, शिकागोचं इरोक्वाय थिएटर. उघडून सव्वा महिना झालेला, जाहिरात काय तर संपूर्ण अग्निरोधक. सुट्टीतला दुपारचा खेळ, बायका आणि पोरं खच्चून भरलेली. स्टेजवरच्या एका दिव्याची ठिणगी कापडाला लागली, आग अडवणारा पडदा खाली येताना मधेच अडकला. सहाशेच्या वर माणसं गेली आणि त्यातली बरीचशी वरच्या मजल्यांवरची, म्हणजे बाल्कनी-गॅलरीतल्या स्वस्त जागांवरची. कारण खेळ चालू असताना वरच्या जिन्यांवर लोखंडी जाळीचे दरवाजे बंद करून कुलूप घालायचे. का, तर स्वस्त तिकिटवाले गुपचूप खाली महागाच्या खुर्चीवर येऊन बसू नयेत म्हणून!!

दीडच वर्षात, जून १९०५ मध्ये, पिट्सबर्गला हॅरिस आणि डेव्हिसचं निकेलोडियन, म्हणजे फक्त सिनेमा दाखवणारं छोटं थिएटर, उघडलं. पाच सेंट टाका, कुठेही बसा, वर-खाली काही नाही. मग गॅलरीतला माणूस तिकडे गेला तर त्याने नाटक मारलं म्हणायचं, की नाटकवाल्यांनीच त्याला हाकललं म्हणायचं?

रीळवाला
ताई, लिहिलंय झकास पण हिशोब चुकलाय. कॉलेजात असताना दोन वर्ष मी एका टुरिंग टॉकीजवर काम केलंय, जत्रेत तंबू लागायचा आणि पिक्चर म्हणजे पत्र्याच्या पेटीतली रिळं, ती एसटीच्या टपावर टाकली की झालं. ना जेवण मागत ना आजारी पडत ना नायिकेचं आणि नायकाचं भांडण होत. आता याच्यासमोर त्यांचं कादंबरीवरून केलेलं बेन-हर नाटक ठेवा. १८९९ ला ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांच्या भागात आलं. रथांच्या शर्यतीला खरे आठ घोडे, स्टेजमध्ये बसवलेल्या फिरत्या पट्ट्यांवर जागच्या जागी चौखूर उधळतायत आणि मागे रंगवलेला देखावा उलटा सरकतोय. हा सगळा बारदाना, घोड्यांसकट, रेल्वेने गावोगाव न्यायचा. वीसेक वर्षं चालवलंनीत, मानलं पाहिजे. पण १९०७ ला कॅलेम या सिनेमा कंपनीने एका रिळात, पंधराएक मिनिटांत, परवानगी न घेता बेन-हर गुंडाळलं आणि पाच सेंटात दाखवलं. पुस्तकाचे प्रकाशक कोर्टात गेले, १९११ ला सुप्रीम कोर्टात कॅलेम हरली, २५ हजार डॉलर मोजले. पण लोकांना काय त्याचं.

कुलूप काढलं असतं, तारखा मोकळ्या केल्या असत्या, तरी घोड्यांचा चारा थोडाच स्वस्त झाला असता. १९०० च्या आसपास एका वेळी तीनशेच्या वर कंपन्या दौऱ्यावर असायच्या, १९१५ पर्यंत शंभराच्या आत आल्या. मधल्या वर्षांत काय आलं ते तुम्हीच लिहिलंय, निकेलोडियन.

शेवटची रांग
रीळवाले, तुमच्याच आकड्यावर बोलते. याच पंधरा वर्षांत सिंडिकेट आणि त्यांचे प्रतिस्पर्धी थिएटरवाले शुबर्ट बंधू यांची हाणामारी चालू होती. एकाने गावात थिएटर बांधलं की दुसऱ्यानेही बांधायचं, मग गाव दोन थिएटरांना पुरो ना पुरो. ती भरायला माल पाहिजे म्हणून तिसरा-चौथा संच काढायचा, दुय्यम नट, फाटके पडदे, आणि बोर्ड काय लावायचा, न्यूयॉर्कचाच संच! दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा कशाला दीड डॉलर घालवेल? रिळात निदान जे न्यूयॉर्कला दिसलं तेच खेड्यात दिसायचं.

चहाटळ
थोडक्यात सगळीकडे तेच. आपल्याकडे पण बोलपट आले आणि संगीत नाटकं झोपली, खुद्द बालगंधर्व प्रभातमध्ये गेले. चला, चहा घ्या.

शेवटची रांग
चहाटळ, गंधर्व कंपनीच्या कर्जाची गोष्ट वेगळी आहे, ती इथे नको. वेगळा धागा काढा, मी येते भांडायला.

पडद्यामागची
तुम्ही दोघं थिएटरवाले आणि तिकिटवाले यांच्यावरच भांडताय, नटांचं कोणी बोलतच नाही. दौरा मधेच बुडाला तर मॅनेजर गल्ला घेऊन पसार आणि नटमंडळी कुठल्यातरी गावात अडकलेली, परतीचं भाडं स्वतःचं. तालमींचे आठवडेच्या आठवडे फुकट, बरेचदा कपडेपण पदरचे. १९१३ ला अ‍ॅक्टर्स इक्विटी युनियन झाली आणि १९१९ च्या ऑगस्टमध्ये महिनाभर संप करून न्यूयॉर्कची थिएटरं बंद पाडली तेव्हा कुठे मालक वठणीवर आले. पुढे सिनेमाची मोठी तारका झालेली मेरी पिकफर्ड लहानपणापासून याच दौऱ्यांवर वाढलेली, मग ब्रॉडवेचा बडा निर्माता डेव्हिड बेलास्कोच्या नाटकात काम मिळालं. तो तेव्हाचा केवढा मान! आणि तरी १९०९ ला ती दिग्दर्शक ग्रिफिथकडे बायोग्राफ या सिनेमा कंपनीत गेली. मोठी नटमंडळी तेव्हा सिनेमात जायला लाजायची. पण रोजच्या रोज पैसे, आणि संध्याकाळी आपल्या घरी भाकरी... तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

सिनेमाने नट पळवले असं म्हणताना हे पण लिहा. सुटका झाली त्यांची.

एडिसनकर
आमच्या गावाचं नावच एडिसन (न्यू जर्सी), त्यामुळे मी न्यूट्रल नाही हे आधीच सांगतो :)

शेवटची रांग यांचा मुद्दा अर्धा बरोबर वाटतो. गरीब माणूस नाटक सोडून गेला म्हणता, मग न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधल्या यिडिश (पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची भाषा) नाटकांचं काय? तिथला ज्यू कामगार दिवसभर शिवणाच्या कारखान्यात राबून जेकब अ‍ॅडलर या नटाचं नाटक बघायला गर्दी करायचा, शेजारीच निकेलोडियन असताना. म्हणजे आपल्या भाषेत, आपल्या घरातलं काही असलं की लोक जातात. उलट १०-२०-३० सेंट तिकिटाची मारधाडीची नाटकं, रुळाला बांधलेली हिरॉइन वगैरे, ती मात्र १९१० पर्यंत साफ झाली. तिथे काय कुलूप होतं? ती थिएटरं गरिबांचीच होती. तीच मारामारी पडद्यावर खऱ्या रेल्वेसकट दिसायला लागली, मग पुठ्ठ्याचं इंजिन कोण बघणार.

आणि स्वस्ताईचं पण इतकं सरळ नाही. १९१५ ला ग्रिफिथचा तो वंशद्वेषी सिनेमा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ न्यूयॉर्कच्या लिबर्टी थिएटरात लागला. दोन डॉलर तिकीट. नाटकाचं थिएटर, नाटकाचा दर, आणि थिएटर कोणाचं? क्लॉ आणि अर्लँगरचं! सिंडिकेटवालेच भाडं खात होते हो. याच्या आधी १९१२ ला सिनेमावाल्या झुकरने बर्नहार्टचा फ्रेंच सिनेमा आणून लायसियम या नाटकाच्या थिएटरात लावला तेव्हा त्याच्या कंपनीत पार्टनर होता डॅनियल फ्रोमन, सिंडिकेटवाल्या फ्रोमनचा सख्खा भाऊ. त्यामुळे मारणारा कोण आणि मेलेला कोण हे मला तरी नीट दिसत नाही, एकाच घरातली वाटणी वाटते.

बाकी न्यूयॉर्कमध्ये नाटक मेलंबिलं नव्हतं. १९२७-२८ च्या सीझनला ब्रॉडवेवर अडीचशेच्या वर नवीन नाटकं आली. त्याच सीझनला गायक अल जोलसनचा ‘जॅझ सिंगर’ हा बोलपट आला ही गोष्ट वेगळी.

रीळवाला
एडिसनकर +१. पुठ्ठ्याचं इंजिन हेच मी म्हणतोय, फक्त माझे घोडे होते.

शेवटची रांग
यिडिशचा मुद्दा मान्य, मी विचारच केला नव्हता. पण तो माझ्याच बाजूने जातो, तिथे गॅलरीतल्या माणसाला कोणी उपरा धरत नव्हतं. १०-२०-३० चं मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

एक सांगते. जेम्स ओ'नील या नटाने ‘मॉंटे क्रिस्टो’ नाटकातल्या नायकाचं एकच काम जन्मभर केलं, हजारो प्रयोग. लोक दुसरं काही बघायलाच तयार नव्हते, तोही कंटाळला पण पैसा सुटेना. १९१३ ला झुकरच्या कंपनीने तेच काम रिळावर घेतलं, तेव्हा तो साठीच्या पुढचा आणि काम जवान खलाश्याचं. त्याचाच मुलगा नाटककार युजीन ओ'नील. त्याचं पहिलं नाटक १९१६ ला प्रॉव्हिन्सटाउनच्या धक्क्यावरच्या जुन्या मासळीच्या शेडमध्ये झालं. बोटीवरची एक बर्थ, मरणारा एक खलाशी, बाहेर खरं धुकं. ना घोडे ना इंजिन. सिनेमाने घोडे नेले नसते तर हे सुचलं असतं का कोणाला?

पडद्यामागची
सुचलं छान, पण बघितलं किती जणांनी? ओहायोतल्या ज्या गावात वर्षाला वीस नाटकं यायची तिथे एक पण यायचं बंद झालं. त्यांना मासळीच्या शेडचं काय कौतुक.

रीळवाला
हेच. आणि ताई, शेवटी तुम्हीच कबूल केलंत की घोडे सिनेमाने नेले. मग धाग्याचं नाव बदला की!

शेवटची रांग
घोडे नेले म्हटलंय, गॅलरी नाही. नाव बदलणार नाही.