एव्हीएम: एमआरआय झाला तरी अँजिओग्राफी का?

एका ताईंनी विचारलंय की एमआरआयमध्ये एव्हीएम, म्हणजे मेंदूतल्या धमन्या आणि शिरा थेट जोडल्या जाऊन झालेला गुंता, दिसलाच आहे तर परत अँजिओग्राफी कशाला, तर एमआरआयमध्ये एव्हीएम कुठे आहे ते कळतं पण कुठल्या धमन्या त्याला रक्त पुरवतात, ते कुठल्या शिरेतून बाहेर जातं, कुठे फुगवटा आहे का हे डीएसएमध्येच (म्हणजे याच अँजिओग्राफीत, रक्तवाहिन्यांत डाय सोडून काढलेल्या एक्स-रेमध्ये) नीट दिसतं, त्यामुळे प्लीज ती टाळू नका. आकार, जागा आणि खोल शिरा यांवरून स्पेट्झलर-मार्टिन ग्रेड (ऑपरेशन किती जोखमीचं ते सांगणारी १ ते ५ अशी पायरी) ठरते, १ किंवा २ असेल तर सहसा ऑपरेशनचा विचार आधी होतो. आणि गामा नाइफ (चिरफाड न करता गुंत्यावर नेमके किरण सोडणं) केलं की लगेच सुटलो असं नाही हं, गुंता बंद व्हायला साधारण २-३ वर्षं लागतात, तोवर रक्तस्रावाची भीती असतेच. माझ्या भावाच्या वेळी हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नव्हतं, सहा महिन्यांनी एमआरआयमध्ये गुंता तसाच दिसला तेव्हा आई रडायलाच लागली.