डावा पाय मोकळाच राहू द्यावा

ऑटोमॅटिक गाडीत क्लच नसल्याने मोकळा राहिलेला डावा पाय ब्रेकवर ठेवावा का, असा प्रश्न विचारला जातो. माझ्या मते ठेवू नये. वर्षानुवर्षे क्लच तळापर्यंत दाबण्याची सवय असलेला तो पाय ब्रेकवरही तितक्याच जोराने पडतो आणि गाडी जागीच थबकते. मागून येणाऱ्याची अवस्था वेगळी सांगायला नको. उजव्या पायाची टाच ब्रेकसमोर टेकवून केवळ पंजा ॲक्सिलरेटरकडे वळवल्यास दोन्ही पेडल एकाच वेळी दाबली जात नाहीत.

चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरणे टाळावे, विशेषतः एएमटीमध्ये (साध्या गिअरबॉक्सचे क्लच व गिअर यंत्रणेनेच बदलणारी ऑटोमॅटिक गाडी), कारण तिच्यात नेहमीसारखाच क्लच असतो आणि तो घसरत राहून तापतो. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला, तर तो तापून त्याची पकड कमी होते, म्हणून मॅन्युअल मोडवर खालचा गिअर घ्यावा, म्हणजे इंजिनच वेग आवरते.

उतारावर गाडी उभी करताना ब्रेक दाबलेला असतानाच 'एन' (न्यूट्रल) घेऊन हँडब्रेक ओढावा, पाय हळूच उचलून भार हँडब्रेकवर आल्याची खात्री करावी आणि पुन्हा ब्रेक दाबून मगच 'पी' (पार्क) घ्यावा, अन्यथा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिटीवर येतो. बहुतेक एएमटींत 'पी' नसतोच. अशा गाड्या गिअरमध्ये ठेवून बंद कराव्यात.