मदत हवी आहे: सांगलीच्या वास्तूंवरून कपडे करायचेत, आणि मला सारखी पुराची रेघच दिसतेय

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा.

फॅशन डिझाइनच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष आहे. विषय मिळालाय 'माझ्या शहरातल्या वास्तू'. तीन पोशाख करायचे, सोबत एक वही, आणि तीन आठवड्यांनी बाहेरचे परीक्षक येणार. खर्चाला घरून सहा हजार मिळालेत, त्यातले दीड हजार आधीच बुडाले. कसे ते सांगते.

मी गावभागातली. सांगलीच्या वास्तू म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांसमोर जे येतं तेच माझ्या आलं, गणपतीचं देऊळ आणि कृष्णेवरचा आयर्विन पूल. पुलाच्या कमानींचा फोटो काढला, त्याचं रेखाटन केलं आणि कुर्त्याच्या घेरावर छापून आणलं. देवळाचं शिखर पाठीवर. मला फार आवडलं होतं. मॅडमनी हातात घेतलं, लांब धरून बघितलं आणि म्हणाल्या, "छान आहे. एसटी स्टँडवर पेढ्यांबरोबर अशी पिशवी मिळते." वर्ग हसला. मीपण हसले, घरी येऊन रडले.

मग कमान छापायच्या ऐवजी कापडातच आणू म्हणून गळ्याला कमानीच्या आकाराचं योक (गळ्याभोवतीचा वेगळा जोडतुकडा) लावलं, आत जाड बकरम, म्हणजे ताठपणासाठीचं खळीचं कापड. ते पुठ्ठ्यासारखं उभं राहिलं. मान वळवली की योक जागेवर आणि माणूस वेगळीकडे.

आता खरा प्रश्न. परवा आजीच्या खोलीतलं लाकडी कपाट हलवलं. मागच्या भिंतीला रंगाऱ्याचा हात पोचलेला नाही, त्यामुळे २०१९ची रेघ तशीच आहे. तपकिरी, खाली पोपडे, वर पांढरा चुना. शेजारी आजोबांनी ठोकलेला खिळा, तो २००५च्या पाण्याचा. सहज म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले तर खिळा माझ्या नडगीला आणि रेघ बरोबर खांद्याला. २०२१चं पाणी गुडघ्याच्या जरा वर आलं होतं, त्याची खूण नाही पण आईला आठवतंय.

तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. आमच्याकडे प्रत्येक घराच्या अंगावर ही रेघ आहे. तीच माणसाच्या अंगावर आणायची, ज्या उंचीला भिंतीवर आहे त्याच उंचीला. पण आजी म्हणते, "पुराचं काय मिरवायचं, बाई? लोकांचे संसार गेले." आणि ती चुकीचं बोलतेय असं मला म्हणता येत नाही.

तर विचारायचंय ते असं. एक, कमान कापडात उभी कशी करू? दोन, हळदीने रंगवायचं मनात आहे (सांगली म्हटल्यावर दुसरं काय), पण नमुन्याचा तुकडा खिडकीत ठेवला तर चार दिवसांत फिका पडला. तीन, पुराची रेघ हा विषय घ्यावा की नको?

– गावभागातली

---

पेठभाग_९२: तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. नको. २०१९ला आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ४५ला धोका, ४०ला इशारा, हे आकडे इथल्या पोराटोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत, ते हौसेने नाही. आमचं दुकान आठ दिवस पाण्यात होतं. गाळाचा वास अजून कधीकधी येतो, खरा येतो की मला येतो देव जाणे. त्याच्यावर रॅम्पवॉक करणार असाल तर माफ करा, मी टाळ्या वाजवणार नाही. गणपतीचं देऊळ आहे, भावे नाट्यमंदिर आहे, राजवाडा आहे. विषयांची टंचाई आहे का गावात?

शिवण_टिपण: पोरी, तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर. पस्तीस वर्षं ब्लाऊज आणि अनारकली शिवतेय, कॉलेज बिलेज काही नाही, तेवढं समजून घे.

तू कमानीचा आकार कापलास. पण पुलाची कमान एका दगडातून कापलेली असते का? पुलाखाली जाऊन वर बघ. पाचरीसारखे दगड आहेत, आतल्या अंगाला अरुंद, बाहेरच्या अंगाला रुंद. एकमेकांना दाबून ते उभे राहतात. म्हणजे कळ्याच की त्या! घागऱ्याला आपण कळ्या लावतो, त्याच गळ्याभोवती लाव.

हिशेब असा. गळ्याची आतली अर्धगोल त्रिज्या ९ सेंमी धर, बाहेरची १७. अकरा कळ्या कर. विषम संख्याच घे, म्हणजे एक कळी बरोबर मधोमध येते, पुलालासुद्धा तो मधला दगड असतोच. प्रत्येक कळी आत साधारण २.६ सेंमी, बाहेर ४.९ सेंमी, उंची ८. वर शिवणमाया सगळीकडून पाऊण सेंमी. शिवणी दोन्हीकडे फोडून इस्त्री कर, मग आत तेवढंच सुती अस्तर. बकरम काढून टाक. अकरा तुकड्यांच्या दहा शिवणी झाल्या, त्या शिवणींचाच ताठपणा पुरतो. आणि मान वळली की ते थोडं वळतं, कारण जोड आहेत.

एकच सांगते. शिवताना एक मिलिमीटर जास्त दाबलंस तर ते दोन्ही तुकड्यांतून जातं. दहा शिवणींचे झाले दोन सेंमी. गळा आवळला जाईल आणि तू म्हणशील काकूंनी चुकीचं सांगितलं. आधी मांजरपाटावर करून बघ, एकदा नाही, दोनदा.

रंगारी_मिरज: काकूंना दंडवत. कळ्यांचं हे मला सुचलं नसतं.

हळदीबद्दल. हळद कापडाला पटकन धरते, त्यासाठी काही लावावं लागत नाही, पण उन्हात टिकत नाही. हा तिचा स्वभाव आहे, तुझी चूक नाही. हिरडा आणि तुरटी आधी दिलीस तर धुण्यात थोडी बरी राहील, उजेडात मात्र उडणारच. शिवाय साबण लागला की लाल होते. घरात कुंकू कशाचं करायचे ते आजीला विचार, हळदीला चुना. तेच तुझ्या कुर्त्यावर होईल, डागाडागांत.

टिकणारा पिवळा हवा तर डाळिंबाची साल घे. आटपाडी-जतकडे डाळिंब आहे, तोही आपलाच जिल्हा, म्हणजे वहीत लिहायलाही अडचण नाही. रसवाल्याकडे साली फुकट मिळतील. वाळवून, रात्रभर भिजवून, तासभर मंद उकळायच्या. कापड आधी धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात उकळून खळ पूर्ण काढायची, नाहीतर ढग येतात. मग १०० ग्रॅम कापडाला १५ ग्रॅम तुरटी, नंतर सालीचं पाणी.

आणि गंमत पुढे आहे. त्याच पिवळ्यावर थोडा हिराकस (लोखंडाचा क्षार) दिलास की रंग शेवाळी-खाकी होतो. पूर ओसरल्यावर अंगणाचा जो रंग असतो ना, अगदी तो. हिराकस कापडाच्या वजनाच्या दोन-तीन टक्क्यांच्या वर नेऊ नकोस, कापड कुजतं. हातमोजे घाल.

रेघेचंही सांगून ठेवतो, घ्यायची की नाही ते तू ठरव. रंगात अर्धं बुडवून काढलंस तर नुसती पट्टी येईल. कापड वजन लावून टबात उभं टांग, हिराकसाचं पाणी हव्या त्या उंचीपर्यंत भर आणि थांब. मग मगाने थोडं पाणी काढ, पुन्हा थांब. पुन्हा काढ. पाणी जिथे थांबतं तिथे रेघ उमटते. भिंतीवरही तशीच उमटलीय, एक ठळक आणि तिच्याखाली पाच-सहा बारीक.

हरिपूरकर: सगळे जमिनीच्या वरचंच बोलताय. सांगलीच्या वास्तूंमध्ये हळदीची पेवं कुणी धरतच नाही, कारण ती दिसत नाहीत. आमच्या हरिपुरात जमिनीत खणलेली. वर तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट एवढं मोठं की बोललं तर आवाज घुमतो. माती अशी की ओल धरत नाही, हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही. तोंड उघडलं की लगेच उतरायचं नाही, आत हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं.

२००५ला पेवांत पाणी शिरलं आणि बरीच गेली. पुढे माल गोदामांत आणि शीतगृहांत जायला लागला. २०१८ला सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेवं मात्र बुजत चालली आहेत.

मला शिवणकामातलं काही कळत नाही. पण अरुंद तोंड आणि मोठं पोट हा आकार कपड्यात येत असेल की.

शिवण_टिपण: येतो की! मनगटाला घट्ट, मध्ये फुगलेली, मुंढ्याला पुन्हा चुण्या घालून आवळलेली बाही. किंवा पूर्ण झगाच तसा, गळा बंद, पोटात घेर, खाली परत आवळलेला. हरिपूरकर, तुम्ही उगीच म्हणताय कळत नाही म्हणून.

गावभागातली: बाप रे. एका दिवसात एवढं! सगळ्यांना खूप खूप धन्यवाद.

काकू, आज पहाटे पुलाखाली जाऊन आले. १९२९पासून तो पूल तिथे आहे, एकोणीस वर्षं मी त्याच्यावरून जातेय, आणि खालून वर कधी बघितलं नव्हतं. पाचरी मोजायला लागले तर मागून एक आजोबा म्हणाले, "काय, पाणी वाढतंय का?" ऊन असताना! इथे कुणी पुलापाशी उभं राहून वाकलं की लोकांना तेवढंच सुचतं.

मांजरपाटावर पहिला गळा केला. आवळला. तुम्ही म्हणालात तसेच दोन सेंमी. दुसरा बसला. मान वळवली तर तोही वळला.

पेवाचा झगा नक्की. हळद त्याच्या फक्त अस्तराला लावणार, आतल्या बाजूने, तिथे ऊन लागत नाही. पेवातही नव्हतंच.

पेठभाग दादा, तुमचं उत्तर तीनदा वाचलं. तुमच्याशी वाद घालायचा नाहीये. फक्त एक विचारते. आमच्या घरात २०१९नंतर सगळ्या भिंती रंगवल्या, ती एक कपाटामागची राहिली. आजी स्वतः म्हणते विषय नको, पण ती रेघ रंगवायला पण ती देत नाही. रंगारी आला तेव्हा कपाट हलवू दिलं नाही तिनेच. हे मला आज आईने सांगितलं.

पेठभाग_९२: आमच्या दुकानातही शटरच्या आतल्या बाजूला आहे. घासली नाही. का ते विचारू नका.

करणार असाल तर एक पाळा. फाटलेले कपडे, गाळ फासलेले चेहरे, मागे रडकं संगीत, असलं काही नको. आम्ही आठव्या दिवशी शटर उघडून फरशी धुतली होती, त्यात रडायला वेळ नव्हता. आणि कपडा चांगल्या कापडाचा करा. इचलकरंजीत ओळखीचा कारखाना आहे, कोरं सुती कापड भावात देईल. व्यनि (खाजगी निरोप) करतो.

रंगारी_मिरज: आता कसं बोललात.

गावभागातली: थोडी खबर द्यायला आले. अजून सहा दिवस आहेत.

पोशाख एक, पुलाचा. अकरा कळ्यांचा गळा, राखाडी-काळा, हिरडा आणि हिराकस. पोशाख दोन, पेवाचा झगा. पोशाख तीन साधा, सरळ, पायघोळ, डाळिंबाच्या पिवळ्यात, आणि त्यावर तीन रेघा. नडगी, गुडघ्याच्या वर, खांदा. छपाई कुठेच नाही. मॅडमनी बघितलं, काही बोलल्या नाहीत, फक्त पिशवीचा विषय काढला नाही.

अंगणात टबात कापड टांगून मगाने पाणी काढत होते तेव्हा आजी पायरीवर येऊन बसली. बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "इतक्या घाईने नव्हतं उतरलं ते. थांब जरा." माझ्या हातातला मग घेतला आणि तिनेच पाणी काढायला सुरुवात केली. एक मग, मग गप्प बसायचं. पुन्हा एक मग. पाऊण तास लागला. मी काढलेल्या रेघेपेक्षा तिची वेगळी आलीय, एका कडेला जराशी वर चढलेली. मी सरळ करायला गेले तर म्हणाली, कपाटापाशी ती तशीच आहे.

आता शेवटचा प्रश्न. हिराकसाच्या रेघेवरून इस्त्री फिरवली तर रंग बदलतो का? रंगारी दादा, लवकर सांगा.